तीन तासाला एक युनिट

पवनीतल्या निम्म्या घरांचं फिटिंग यादोराव वायरमननं केलंय. पण खरं बघण्यासारखं घर त्यांचं स्वतःचं. प्रत्येक स्विचखाली खडूने हिशेब लिहिलेला: पंखा, तेरा तासाला एक युनिट. मिक्सर, दोन तासाला. पाहुणा पंखा चालू ठेवून अंगणात आला की काका त्याला आत नेऊन आकडा दाखवत. मी शेजारी, भरपूर टर उडवायचो. "काका, देवघरातला बल्ब राहिला!" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याखालीही आकडा.

कुंताकाकूंनी शाळा पाहिली नव्हती. त्यांना आकडे काकांनीच शिकवले, याच भिंतीवर. पुढे त्यांची वीस वर्षं राईस मिलच्या धुळीत गेली आणि छाती निकामी झाली. डॉक्टरांनी ऑक्सिजनची मशीन रात्रंदिवस लावायला सांगितली. काकांनी नवी कोरी मशीन आणली, तिच्यासाठी वेगळी जाड वायर ओढली आणि हाताच्या सवयीने स्विचखाली लिहून टाकलं: तीन तासाला एक युनिट.

दुपारी काकू नाकात नळी न लावता ओसरीवर तांदूळ निवडताना मला दिसत. वाटायचं, बरं वाटत असेल. मी विचारलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तिसाव्या दिवशी काकू गेल्या. तेरवीनंतर बिल आलं, एकशे ऐंशी युनिटचं. काकांच्या हिशेबाने दोनशे ऐंशी यायला हवे होते. मीटर बिघडलं म्हणून ते वीज ऑफिसात तक्रार करायला गेले. बिल कमी आल्याची तक्रार! तिथे सगळे हसले. "पेढे वाटा, काका," कुणीतरी म्हणालं.

घरी येऊन त्यांनी मला हाक मारली. ऑक्सिजनची मशीन किती तास चालली, ते तिच्यावरच दिसतं. मी वाचलं, चारशे वीस.

"तीस दिवसाचे सातशे वीस पाह्यजे," काका म्हणाले. "तीनशे कमी. म्हणजे रोजचे दहा."

सकाळी आठला ते कामाला निघत आणि सहाला परतत.

"मी घरून निघालो का ते बंद करत होती रे. तिले आकडे कायले शिकवले म्या?"

काका भिंतीला टेकून खाली बसले. बिलाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

"मीटर ठीक आहे, बाबू," ते म्हणाले. "बिल बरोबर आहे."