मेनूमधली फट

ऑफिसात तिला सगळे मेनूबाई म्हणायचे. वेबसाइटच्या माथ्यावरची ती पट्टी आणि माउस वर नेला की खाली उलगडणारी यादी, हे सगळं सीएसएस नावाच्या संगणकी भाषेने सजवणं हे तिचं काम. "म्हणजे नक्की करतेस तरी काय गं?" मावशी दर भेटीत विचारायची, आणि सगळं ऐकूनही तिची समजूत हीच, की भाची कुठल्याशा हॉटेलात आहे. असो.

बाई कामात मोठी काटेकोर. वाचनालयाची वेबसाइट आली, तेव्हा पट्टी आणि खालची यादी यांच्यामध्ये तिने बारीकशी फट ठेवली. एकाला एक चिकटलेलं तिला बघवायचंच नाही. आणि फट दिसायचीही झकास! साहेबसुद्धा खूश झाले.

घरी आई. आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून लेक तिला काही करू देईना. "दे, मी करते," हा जप दिवसभर. आईला त्याचा असा संताप यायचा! एकच गोष्ट तिने हट्टाने स्वतःकडे ठेवली होती: वाचनालयाचं पुस्तक वेबसाइटवरून आपलं आपण मागवायचं.

एका सकाळी आईने वाचनालयाचं कार्ड लेकीच्या पर्सवर आणून ठेवलं. "जाताना देऊन टाक. नाव काढ म्हणावं माझं."

"का गं?"

"ती यादी उघडते, आणि मी खाली पोचेपर्यंत मिटते. किती दिवस झगडतेय. मेला हा हात! संपलं आता माझं."

लेकीच्या ओठांवर सवयीने "दे, मी" आलंच होतं, ते तिने गिळलं. कार्ड पर्समध्ये टाकलं, कॉम्प्युटरसमोर बसली, माउस डाव्या हातात धरला आणि आईसारखा हळूहळू खाली नेला. बाण फटीत आला मात्र, यादी गुडुप! चपळ हाताला ती फट कळतसुद्धा नाही. ती, साहेब, ऑफिसातले झाडून सगळे चपळ हाताचे. सावकाश जाऊन कोणी बघितलंच नव्हतं.

"आई, तुझ्या हाताचं काही नाही गं. चूक माझी आहे. तो मेनू मीच केलाय."

"म्हणजे इतके दिवस मी माझ्या हाताला शिव्या घालतेय, आणि दिवटी माझ्याच घरात?"

ऑफिसात साहेब कुरकुरले, "छान दिसत होती की फट!"

"दिसायला तशीच राहील," ती म्हणाली. तिने फटीसाठी ठेवलेलं मार्जिन काढलं आणि यादीला तेवढंच पॅडिंग दिलं. रिकामी जागा तेवढीच दिसते. पण मार्जिन यादीच्या बाहेर असतं आणि पॅडिंग आत, त्यामुळे बाण तिथे रेंगाळला तरी यादी मिटत नाही.

संध्याकाळी आई खुर्चीत बसली. बाण थरथरत निघाला, फटीत घुटमळला, भलतीकडे गेला, परत आला. यादी उघडीच. लेकीचा हात आपोआप पुढे झाला.

"हात मागे घे," आई म्हणाली.

टिचकी वाजली. पुस्तक आईच्या नावावर लागलं. मग डोळे न पुसताच तिने थरथरता हात लेकीपुढे केला.

"कार्ड देऊन नाही ना आलीस? आण इकडे."