बुधवारचं पाणी

मोताळा तालुक्यातल्या आमच्या मळ्यात विहीर एकच होती आणि वाटेकरी तीन. आजोबांच्या काळी जमिनीची वाटणी झाली तेव्हा विहिरीचे वारही वाटले गेले. बुधवार आणि शनिवार आमच्या वाट्याला आले. रविवारी बाजार असे, म्हणून त्या दिवशी कोणाचीच मोट चालत नसे.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. मोट मोठ्या भावाच्या हातात आली. तो स्वतः चौथीत थांबलेला. मला म्हणाला, "तू शाळा सोडू नको बे. बैल मी पाह्यतो." पुढे मी खामगावला कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, ते त्याच्या या शब्दामुळे. त्याचे उपकार फेडायची संधी मला मिळाली नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. दिवाळीला घरी आलो तर भाऊ खोकत होता, आणि मोटेवर दर फेरीला थांबत होता. बाजाराच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या तर पूर्ण बरे व्हाल." औषध फुकट होतं. मायने डॉक्टरांना देवमाणूस म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

क्षयाच्या गोळ्या मात्र बुधवारीच मिळत. आठवडाभराच्या देत, आणि रोग्याने स्वतः यावं असा नियम होता. दवाखान्याने आजारांना वार वाटून दिले होते: सोमवारी लेकरांना टोचणं, बुधवारी क्षय, शुक्रवारी गरोदर बाया. वहिनी तेव्हा पोटुशी होती आणि पहिलं लेकरू दीड वर्षाचं. एका घरातल्या तिघांना तीन वार आले. भाऊ हसून म्हणे, "आपल्या विहिरीवानीच हाय हे. इथंबी ज्याची त्याची पाळी."

रविवारी तर आम्ही सगळे त्याच गावात असायचो. बैलगाडीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर भरून पहाटे निघायचं. आमचं दुकान दवाखान्याच्या भिंतीला लागून, कारण तिथे दुपारपर्यंत सावली असे. सगळ्या शिवारातली माणसं त्या दिवशी बाजारात, आणि दवाखान्याच्या फाटकाला कुलूप. एकदा एका गिऱ्हाइकाने भावाला टोकलं, "काय गा, दवाखान्याले टेकून बसला, गुण येते काय?"

"येते ना," भाऊ म्हणाला, "पण इतवारी नाही येत."

बुधवारी दवाखान्यात जायचं तर मोट कोण हाकणार? माय थकलेली, वहिनीचे दिवस भरत चाललेले. विहिरीचा एक वाटेकरी आमचा चुलतभाऊच; भावाने त्याच्याकडून पाळी बदलून घेतली. तीन-चार वेळा त्याने दिली. मग म्हणाला, "माह्या मिरच्या सुकून राह्यल्या ना भाऊ. दर बुधवारी म्हनशीन तर कसं जमन?" त्याचंही चुकीचं नव्हतं. मिरची काही भावकी पाहत नाही.

मग भाऊ एका बुधवारी जाई, दोन बुधवार चुकवी. तेवढ्या गोळ्यांनीही खोकला कमी झाला, अंगात जोर आला. तेव्हा तो म्हणाला, "आता बरं वाटते मले. मंग वांगे काऊन मारू?" आणि जाणं बंद केलं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. मी खामगावला असायचो आणि घरून येणारा माणूस "बरं हाय" एवढंच सांगायचा.

होळीच्या सुमाराला थुंकीतून रक्त पडलं. माय म्हणाली, "बुधवारचं पाणी देऊन टाक त्यायले. वांगे गेले तर गेले." भाऊ उठून वांग्यांकडे गेला. दोन दिवस वाट पाहून वहिनीच तान्हं लेकरू घेऊन चुलतभावाकडे गेली आणि सांगून आली. आठवड्याला एकाच पाण्यावर त्या उन्हात भाजी टिकली नाही. आधी मेथी गेली, मग वांगी उभ्या उभ्या वाळली. भाऊ आता एकही बुधवार चुकवत नव्हता. पण गुण येईना. डॉक्टरांनी सांगितलं, मध्ये खंड पडल्याने रोग या गोळ्यांना दाद देत नाही. दुसऱ्या गोळ्या मोठ्या दवाखान्यातून मागवाव्या लागतील. त्या मागवल्या. त्या यायला वेळ लागला.

परीक्षा देऊन मी घरी आलो आणि भावासोबत दवाखान्यात गेलो. तो बाहेर बसला. मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, या गोळ्या रविवारी दिल्या असत्या तर? त्या दिवशी सगळे इथेच असतात." ते हात धूत होते. ते पुसत म्हणाले, "वार वरून ठरून येतात. आणि रविवारी सुट्टी, इथे मी एकटाच असतो. पण तुमच्या भावाने ही अडचण कधी सांगितली नाही. काही तरी केलं असतं." मला वाटतं, खरंच केलं असतं.

परत येताना गाडीत मी हे भावाला सांगितलं. तो दम घेत घेत म्हणाला, "खोकला कधीपासून, ते इचारलं त्यायनं. भूक लागते का, तेबी इचारलं. बुधवारी तुले काय काम असते, हे नाही इचारलं. न इचारता आपन कसं सांगावं?"

नव्या गोळ्या येऊन आठवडा झाला होता, तेव्हा तो गेला. पेरणी अजून व्हायची होती.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, वांग्याची भाजी लागते. आमच्या मळ्यात वांगं उरलं नव्हतं. रविवारी मी आणि माय बाजारात गेलो. ज्या माळणीचं दुकान इतकी वर्षं आमच्या शेजारी असायचं, तिच्यापुढे माय जाऊन बसली. माय कशाला आली ते माळणीने ओळखलं. टोपली पुढे सरकवून ती म्हणाली, "घेऊन जाय बाई. पैशाचं राहू दे."

"नाही," माय म्हणाली, "इकतच घेतो." आणि एकेक वांगं हातात फिरवून, कीड पाहून, पदरात टाकू लागली.