तलावावरून आलेला फोन

चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला भेंडारटोला लागतं. शंभरेक घरं, धानाच्या बांध्या आणि गावाहून मोठा तलाव. त्या तलावाच्या मासोळीवर ज्या ढिवरांची घरं चालतात, त्यातलं एक इस्तारी वाघाडेचं.

त्याच्या ओसरीवर एका खुंटीला जाळं असतं आणि दुसरीला वायरींची भेंडोळी. ‘इस्तारीच्या घरी कोनती चीज बिघडत नाई, अन् कोनती धड बी राहत नाई,’ असं गाव म्हणतं, आणि ते खरं आहे. बंद पडलेला रेडिओ तो चालू करतो, पण चालू रेडिओही आत काय आहे ते पाहायला उघडतो.

ही खोड त्याला माजरीला लागली. अठराव्या वर्षी तो एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर कोळशाच्या खाणीकडे मजुरीला गेला होता. तिथं एका म्हाताऱ्या वायरमनची शिडी धरायचं काम त्याच्याकडे आलं. तीन वर्षं त्याने शिडी धरली आणि वर मान करून पाहत राहिला. कुठली वायर कुठे जाते, कथील कधी वितळतं, हात कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे सगळं त्याने पाहूनच उचललं. पुढे बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, तेव्हा तो परत आला आणि बापाचं जाळं त्याने हातात घेतलं. पण बोटांची खाज काही गेली नाही.

आज तो बावन्न वर्षांचा आहे. भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा काढून त्याने चुलीला बसवला, तेव्हापासून त्याच्या बायकोला, रंभाला, फुंकणी लागत नाही. फवारणी पंपाच्या बॅटरीवर त्याने घरातले दोन दिवे चालवले. लसूण सोलायचं यंत्रही केलं होतं. यंत्राने पहिल्याच दिवशी अर्धा लसूण कौलांवर उडवला, मग रंभाने ते उचलून गुरांच्या कोठ्यात ठेवलं.

“तुमाले हे कायले पायजे?” असं ती सुरुवातीला विचारायची. एखादी वस्तू आपल्या हातून पहिल्यांदा चालू होते, त्या क्षणी छातीत जे काही होतं ते बायकोला सांगायचं कसं? पुढे रंभाने विचारणं सोडलं. एखादा डबा रिकामा झाला की ती त्याच्यापुढे ठेवायची.

असाच एक निळा बिस्किटांचा डबा गेल्या हिवाळ्यात तिने दिला. इस्तारीच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट घोळत होती. तलाव घरापासून लांब, जाळं टाकलं की मासोळी लागली का हे पाहायला दिवसातून चारदा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जावं लागायचं, आणि त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. पण गुडघा हे सांगायचं कारण. खरं तर जमतं का ते त्याला पाहायचं होतं.

जाळ्याच्या दोरीला त्याने प्लास्टिकची रिकामी बाटली बांधली. मोठी मासोळी जाळ्यात अडकून ओढ घेऊ लागली की बाटली बुडणार, बाटलीची दोरी डब्यातली एक पितळी पट्टी दुसरीवर टेकवणार, आणि पट्ट्या टेकल्या की डब्यातला जुना बटणांचा मोबाइल रंभाच्या मोबाइलला फोन लावणार. पहिल्या दिवशी नुसत्या वाऱ्याच्या लाटांनी अकरा फोन आले. मग त्याने बॉलपेनातली स्प्रिंग काढून पट्टीखाली घातली. पुढचे आठ-दहा दिवस तो पारीवर बसून स्प्रिंग कधी ताणत राहिला, कधी सैल करत राहिला.

शेवटी एका सकाळी रंभाच्या हातातला मोबाइल वाजला. त्याच्यावर नाव होतं ‘तलाव’. तिने सवयीने “हॅलो” म्हटलं. पलीकडून नुसता पाण्याचा आवाज आला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग इस्तारीला म्हणाली, “जा, तलाव बलावते तुमाले.”

त्या दिवशी दोन किलोचा रोहू निघाला. इस्तारीने तो विकला नाही, घरीच खाल्ला.

तीन महिने डबा बरा चालला. चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी इस्तारी सकाळी मासोळी घेऊन चामोर्शीला गेला. टोपली लवकर रिकामी झाली. मग तो भंगाराच्या दुकानात जाऊन बसला. तिथून त्याने वायरीचं एक बंडल, काळी टेप आणि एक मोडका मोबाइल घेतला. अकराच्या सुमाराला काळीपिवळीतून परतला, तर गावाच्या अलीकडेच गाडी थांबली. रस्त्यावर दोरी बांधलेली, दोरीपलीकडे बंदुका घेतलेले पोलीस, आणि अलीकडे अर्धा गाव.

आशाबाई त्याला पाहून पुढे आली. तिचा नवरा सुकलू हा इस्तारीचा तलावावरचा जोडीदार होता.

“पारीवर बॉम्ब सापडला म्हनते,” ती म्हणाली. “गस्तीवाल्याइले दिसला. निळा डबा आहे, त्याच्यातून वायरी निंगून पान्यात गेल्या. आमचे हे बाजूलेच जाळं फेकून राह्यले होते. त्याइलेच बसवून ठेवलं.”

डबा, बॅटरी, मोबाइल, वायर. इतकी वर्षं या वस्तू इस्तारीच्या घरात एकत्र नांदत होत्या आणि त्याला कधी काही वाटलं नव्हतं. या गडचिरोली जिल्ह्यात त्या चार वस्तू एकत्र दिसल्या की माणसं काय समजतात, हे त्याला आज दोरीच्या अलीकडे उभं राहिल्यावर कळलं.

गप्प राहिलं तर? तज्ज्ञ लोक येतील, डबा उडवून देतील, गोष्ट संपेल. पण डब्यातलं सिम रंभाच्या नावावर होतं. आणि पारीवर सुकलू बसला होता.

तेवढ्यात गर्दीतून रंभा आली. तिने मोबाइल पदराखाली घट्ट धरला होता.

“मी सांगाले जातच होती,” ती हळू आवाजात म्हणाली. “पन मले ते नीट सांगता येईन काय, असं वाटलं. तुमची वाट पायली.” आणि मग म्हणाली, “सुकलू उनात बसला आहे.”

इस्तारीने थैली खांद्यावरून काढून हातात लोंबती धरली, दुसरा हात अंगापासून लांब ठेवला आणि दोरीपाशी गेला.

“साहेब, तो डबा माहा आहे.”

त्या शिपायाने आधी ऐकलंच नाही. इस्तारीला पुन्हा, मोठ्याने बोलावं लागलं. मग मात्र चार जण धावत आले. त्याला खाली बसवलं, खिसे पाहिले, थैली लांबवर नेऊन काळजीपूर्वक रिकामी केली. वायरीचं बंडल, काळी टेप आणि मोडका मोबाइल मातीत शेजारी-शेजारी मांडले गेले.

फौजदार बाई तिशीच्या होत्या, बोलण्यावरून सातारा-सांगलीकडच्या. त्यांनी त्या वस्तूंकडे पाहिलं आणि मग इस्तारीकडे.

“हे कशासाठी आणलंत?”

“दुसरा डबा बनवाचा होता,” इस्तारी म्हणाला, आणि म्हणाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

मागे कोणीतरी बंदूक सावरली. बाईंनी मात्र एका छापील फॉर्मची कोरी बाजू आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. “आत काय आहे ते काढून दाखवा. सगळं.”

इस्तारीने पेन हातात घेतलं. बाटली काढली ती वाकडी आली. पण पट्ट्यांपर्यंत पोहोचला तसा हात सरळ झाला. कुठली पट्टी आधी टेकते, मोबाइलचं कुठलं बटण वायरीने बाहेर आणलं आहे, स्प्रिंग का घालावी लागली, हे तो सांगत सुटला. मध्येच त्याने बाईंना “नाई, तशी नाई, उलटी” असंही म्हटलं. आपण कुठे बसलो आहोत ते तो दोन-चार मिनिटं विसरला होता.

“म्हणजे जाळं आत्ताही पाण्यात आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे.”

“आणि आत्ता मासा लागला तर फोन येईल?”

“येईन.”

पलीकडे उन्हात बसवलेल्या सुकलूने इतका वेळ इस्तारीचं नाव घेतलं नव्हतं, तो आता तिथून म्हणाला, “येते म्याडम. मी आइकलं आहे त्याच्यात.”

गडचिरोलीहून बॉम्बशोधक पथक निघालं होतं, पण पोहोचायला तास-दीड तास लागणार होता. तोवर कोणी डब्याजवळ जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. रंभाला बोलावून तिचा मोबाइल एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. बाईंनी सगळ्यांना लांब, पारीच्या वळणाआड बसवलं. तिथून डबा दिसत नव्हता, बाटली तेवढी दिसत होती.

इस्तारीने आयुष्यात किती वेळा पाण्याकडे पाहत मासोळीची वाट पाहिली असेल याची गणती नाही. पण असं कधी पाहिलं नव्हतं. ऊन चढत होतं. मासोळी अशा वेळी खोल गाळात जाऊन बसते, वर येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रंभा शेजारी बसली होती. ती दर थोड्या वेळाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि काढून घ्यायची.

पाऊण तास झाला. बाटली एकदा हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

आणि मग ती एकदम खाली गेली.

खुर्चीवरचा मोबाइल वाजायला लागला. दोन शिपाई पालथे पडले, सुकलूने कानांवर हात दाबले, बाईंनी सगळ्यांना खाली राहण्याची खूण केली. मोबाइल वाजत राहिला. पारीवर काही झालं नाही. एक बगळा उडाला होता, तो पुन्हा येऊन सांडव्याच्या दगडावर बसला.

बाई वाकून खुर्चीपाशी गेल्या. पडद्यावर ‘तलाव’ असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि रंभाला म्हणाल्या, “उचला. स्पीकरवर टाका.”

रंभाने उचलला. पाण्याचा आवाज आला. मधूनच मासोळीच्या शेपटीचा फटका, मग पुन्हा पाणी. सगळे ऐकत राहिले. बाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पहिल्यांदाच खाली मातीत बसल्या.

“पथक येऊन तपासेल,” त्या म्हणाल्या. “ते करावंच लागेल. पण बसा आता नीट. पाणी प्या.”

सुकलूलाही त्यांनी सावलीत यायला सांगितलं.

पथक आलं. जाड पोशाख चढवून भूपेश नावाचा हवालदार एकटा पारीवर गेला. तो डब्याशी बराच वेळ वाकून होता. इस्तारीने डबा काळ्या टेपने इतका पक्का गुंडाळला होता, की आता त्याचाच त्याला राग येत होता. अखेर भूपेशने हात वर केला. परत आल्यावर त्याने शिरस्त्राण काढलं. चेहरा घामाने निथळत होता. उघडा डबा हातात घेऊन तो इस्तारीपुढे उकिडवा बसला.

“हे स्प्रिंग कायची आहे?”

“पेनाची.”

“लाटेनं फोन लागू नाई म्हून?”

“हो.”

भूपेशने बोटाने स्प्रिंग दाबून पाहिली. “चांगली टाकली,” तो म्हणाला.

तेव्हा इस्तारीचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून आवरून धरलेलं रडू त्याला आलं आणि ते त्याने लपवलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस सगळ्या गावासमोर रडत होता आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दोरी सुटली तसे लोक जवळ आले. आशाबाईने त्याला तांब्या दिला.

जबाब लिहायला दुपार झाली. बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. डब्यात मोबाइल पुन्हा ठेवायचा नाही, आणि काहीही नवीन करायचं असलं तर आधी ग्रामपंचायतीत सांगायचं, तिथून त्यांच्याकडे कळवायचं. इस्तारीने दोन्ही गोष्टींना मान हलवली. त्याला त्या वेळी कशालाही मान हलवणं जमलं असतं.

मग तो आणि सुकलू मिळून जाळं ओढायला गेले. तीन किलोचा कतला होता. इस्तारीने तो सुकलूच्या टोपलीत टाकला.

“पुढच्या बारीनं मले आधी सांगजो भाऊ,” सुकलू म्हणाला. “मी त्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात बसीन.” एवढं बोलून त्याने विडी पेटवली आणि अर्धी ओढून इस्तारीला दिली.

घरी रंभाने भात वाढला. इस्तारी दोनदा मागून जेवला आणि ओसरीवरच आडवा झाला. चार वाजता त्याला जाग आली तेव्हा रंभा उशाशी बसून धान पाखडत होती. घरात सगळं जिथल्या तिथे होतं. दाराशी कोणी उभं नव्हतं. तो तसाच पडून सुपाचा आवाज ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो ग्रामपंचायतीत गेला. सरपंच चंदाबाई म्हणाल्या, आता हे होऊनच जाऊ द्या, तुमच्या घरी जे जे काही आहे ते सारंच लिहून काढू. सचिव घरी आला आणि कोठ्यापासून चुलीपर्यंत फिरला. तेवीस वस्तू निघाल्या. त्यातल्या सहांना नावच नव्हतं. त्यांच्यापुढे, त्या काय करतात ते लिहावं लागलं. लसणाच्या यंत्रापुढे सचिवाने ‘बंद’ असं लिहिलं. यादीवर शिक्का बसला, एक प्रत फौजदार बाईंकडे गेली, आणि एक इस्तारीने चामोर्शीला जाऊन प्लास्टिकमध्ये मढवून आणली. आता ती आधारकार्डाशेजारी ठेवलेली असते.

जाळ्यासाठी त्याने आता उंच बांबूवर लाल फडकं बसवलं आहे. बाटली बुडाली की फडकं उभं राहतं आणि अंगणातून दिसतं. बांबूवर त्याचं नाव आणि नंबर रंगवलेला आहे. तेही त्याने आधी पंचायतीत सांगितलं होतं, पण त्यात वायर नाही म्हणून सचिवाने त्याला आकडा दिला नाही.

परवा तो पुन्हा पंचायतीत गेला होता. सचिवाने न विचारताच वही काढली.

“काय लिहू?”

“कुकरच्या शिट्या मोजनारी चीज,” इस्तारी म्हणाला. “अजून बनवली नाई. पेचकसले हात बी लावला नाई. पयले सांगाले आलो.”

सचिवाने चोविसावा आकडा घातला आणि त्यापुढे तसंच लिहिलं.