दुकानातलं आडनाव

"हिच्यासारखीच दुसरी आहे का? घडी न मोडलेली?"

बाई शेठला विचारत होत्या. साडी माझ्या खांद्यावर होती. आमच्या धंद्यात तशी रीतच आहे. साडी नुसती गादीवर पसरून गिऱ्हाईक राजी होत नाही. विकणाऱ्या बाईनं निऱ्या धरून, पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभं राहायचं. मग गिऱ्हाईक साडी बघतं. बाईकडं बघत नाही.

त्या दिवशी मात्र बाईंनी माझ्याकडं बघितलं. गोड बोलत होत्या. "तुमच्या अंगावर फार खुलतेय हो," म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"साळवे."

"अच्छा."

एवढंच. मग त्या शेठकडं वळल्या. शेठ म्हणाला, "आता हीच तर बघितली तुम्ही, नवीनच आहे." बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तसं नाही हो. पूजेला नेसायची आहे ना."

शेठला कळलं. मलाही कळलं. शेठ मला म्हणाला, "तू जा, जरा पाणी पिऊन ये." मी खांद्यावरची साडी काढली. मागं गेले. तहान नव्हती तरी पाणी प्याले. बाहेर आले तर दुकानातला एक मुलगा त्याच रंगाची साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होता. त्याचं आडनाव कोणी विचारलं नाही.

ते गुलमंडीतलं जुनं दुकान होतं. महिना संपल्यावर शेठ म्हणाला, "सीझन नाही. सांगीन नंतर." त्याचं सांगणं आलं नाही.

मी चौथी शिकले. लिहायला मला वेळ लागतो आणि चारचौघांत तोंड उघडायला त्याहून जास्त. हे मी माझ्यासाठी लिहिते. कोणाला दाखवायचं नाही.

माझं माहेर पैठणच्या बाजूला. धरण एवढं जवळ की लहानपणी भिंतीवरचे दिवे दिसायचे. तरी आमच्या वस्तीला पाणी नव्हतं. गावात पाटलांचं घर एकच, तात्यांचं. त्यांची विहीर माझ्या बापानं खणली. किसन नाव त्याचं. पाणी लागलं त्या दिवशी तात्यांनी त्याला नारळ दिला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या विहिरीपासून लांब हंडे मांडून बसायचो. कोणी येऊन ओतलं तर पाणी. नाही तर नाही.

लग्न होऊन शहरात आले. तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. नवरा वाळूजला कंपनीत होता. मग काही वर्षांनी पाऊस पडेना. धरणाचा तळ उघडा पडला. कंपन्यांचं पाणी तोडलं आणि नवऱ्याची पाळी बंद झाली. तो दिवसभर घरात बसायचा. टँकरचा हॉर्न वाजला की हंडे घेऊन पळायचा, पुन्हा येऊन बसायचा. बोलायचा नाही. आमच्या एकुलत्या मुलीची शाळा चालू होती. घर आता माझ्या कामावर होतं.

शहराचं मात्र काही अडलं नव्हतं. जिथं ज्वारीची ताटं वाळून उभी होती तिथं चुन्याच्या रेघा पडत होत्या. प्लॉट, प्लॉट, प्लॉट. जमिनी विकलेल्या लोकांकडं पैसा आला होता आणि त्यांच्या घरची लग्नं मोठी होत होती. जालना रोडला काचेची शोरूम उघडत होती. त्यातल्या एकात मी कामाला गेले.

तिथल्या मालकाला सगळे शेठजी म्हणायचे. त्यांनी मला एक पैठणी दाखवायला लावली. बघून म्हणाले, "हात चांगला हाय तुझा. आवाज बारीक हाय, पण ते चालतं. गरीब दिसलं की गिऱ्हाईक जास्त वेळ बसतं."

मग पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मला काय नाय त्याचं. पण गिऱ्हाईक विचारतं. इथं तू पाटील मॅडम. नुसतं दुकानात. घरी तू कोणी का असंना."

ते हसले. "अगं, पोटाला काय जात असती का?"

दोन दिवसांनी त्यांनी नावाची पट्टी छापून आणली. सोनेरी अक्षरं. मी छातीला लावली. टाचणी साडीतून आत टोचली. थोडं सरकवून पुन्हा लावली.

पाटील म्हणून माझा माल भराभर जायला लागला. त्याच साड्या. तोच खांदा. कोणाला घडी न मोडलेली लागली नाही. "पाटील मॅडमना बोलवा," गिऱ्हाईक म्हणायचं. मी हळूहळू शिकले. कुठं हसायचं, कुठं 'आमच्याकडं लग्नात अशीच नेसतात' म्हणायचं. कोणतं 'आमच्याकडं' ते मलाच माहीत नव्हतं.

चौदा एप्रिलला जयंतीची रजा मागता येत नव्हती. पाटील मॅडमला कशाला हवी ती रजा? त्या दिवशी शेठजींनी शटर अर्धं ओढायला लावलं. मिरवणूक शोरूमसमोरून गेली. ढोल काचेत घुमत होते. आमची सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. त्यात माझी मुलगी होती. ती मान वाकडी करून अर्ध्या शटरखालून आत बघत होती. मला शोधत होती. तिनं मोठ्यानं हाक मारली असती तर? मी काचेकडं पाठ करून साड्या लावायला लागले. ढोल लांब गेले तरी मी वळले नाही.

घरी मुलीनं विचारलं नाही. जेवली आणि झोपली. मला तिच्या न विचारण्याची भीती वाटायला लागली.

मग गारखेड्याच्या बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याचे प्लॉटचे व्यवहार. मुलीचं लग्न ठरलं होतं. बस्ता कुठं बांधायचा ते बघत होत्या. बस्ता म्हणजे लग्नातल्या सगळ्या मानपानाच्या साड्यांची खरेदी. एका बस्त्यात दुकानाचा महिना निघतो. शेठजींनी मला पुढं केलं.

बाई मोकळ्या स्वभावाच्या. पट्टी वाचून म्हणाल्या, "पाटील का तुम्ही? आपल्यातल्याच की. माहेर कुठलं?"

आणि मी गाव सांगितलं. खरं. आडनाव शेठजींनी दिलं होतं, गाव कोणी दिलं नव्हतं. माहेर विचारल्यावर जीभ आपोआप तिकडं गेली.

बाईंनी हातातली साडी खाली ठेवली. "काय सांगता. ते तर आमचं आजोळ. तिथलं माहेरचं आडनाव?"

माझ्या तोंडातून निघालं, "पाटीलच."

"सासर पाटील, माहेर पाटील. दोन्हीकडून पाटलीणबाई." त्या हसल्या. मग विचार करून म्हणाल्या, "पण तिथं पाटलांचं घर एकच ना? म्हणजे तात्यामामांच्या भावकीतल्या तुम्ही. थांबा, मी विचारते मामांना. बस्त्याला येणारच आहेत ते."

माझे हात साडीवर चालत राहिले. घडीवर घडी. काय दाखवलं ते आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. काचेचं दार उघडलं की मी आधी तिकडं बघायची. पांढरं धोतर दिसलं की मी खांबाआड व्हायची. शेठजींना सांगितलं, "बस्त्याच्या दिवशी मला सुट्टी द्या."

"वेडी झाली का? बाईंनी तुझंच नाव घेतलंय. पहिली साडी आपल्यातल्या सवाष्णीच्या हातून काढायची म्हणल्या."

"शेठजी, ते तात्या माझ्या गावचे हायत. ओळखतील."

त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "म्हातारा माणूस. त्याला काय दिसतंय."

बस्त्याचा दिवस आला. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत एसीनं अंगावर काटा. पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची माणसं बसली. सरबत फिरलं. गारखेड्याच्या बाईंनी हळदीकुंकवाची कोयरी काढली. पहिला शालू काढायच्या आधी मला जवळ बोलावलं आणि कुंकू लावलं.

"काढा आता. चांगल्या हातानं."

मी शालू उघडला. निऱ्या धरल्या, पदर खांद्यावर टाकला. बायका म्हणाल्या, वा. कोणीतरी मोबाईलवर फोटो घेतला.

दार उघडलं. तात्या आत आले. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून मागं राहिले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. बाई उठून म्हणाल्या, "मामा, या, ही बघा तुमच्या भावकीतली लेक."

तात्यांनी बघितलं. म्हातारे होते, पण डोळे चांगले होते. शालू बघितला, पट्टी बघितली, मग तोंड. काठी गादीला टेकवून उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"किसनाची ना तू?"

"व्हय."

"मग पाटील कधी झालीस?"

कोणीतरी हसलं. मागच्या एका बाईनं विचारलं, "कोण किसन?" तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले, "खालच्या वस्तीतला. आपल्या विहिरीवर होता."

गारखेड्याच्या बाईंनी रुमाल काढला आणि बोट पुसलं. ज्या बोटानं मला कुंकू लावलं होतं ते. नीट पुसलं, नखाच्या कडेपर्यंत. मग म्हणाल्या, "आधी तो शालू काढून घ्या तिच्या अंगावरून. आणि तो नको आता. दुसरा दाखवा."

शेठजी धावत आले. हात जोडलेले. "आम्हाला काय माहीत हो तात्या. तिनं सांगितलं तसं आम्ही लिहून घेतलं. आजकाल कोणावर इसवास ठेवावा?" मग माझ्याकडं वळले. आवाज खाली घेतला. "पाया पड तात्यांच्या. चूक झाली म्हण. मागं गोडाऊनला लावतो तुला. काम जाणार नाय."

सगळे बघत होते. माझे गुडघे वाकायला लागले होते. त्यांना सवय होती. माझ्या बापाचे वाकायचे, आईचे वाकायचे. घरी बसलेला नवरा डोळ्यांपुढं आला. मुलीची फी. रिकामे हंडे. वाकायला किती वेळ लागतो? मग काम राहतं. मागच्या अंधारात, जिथं कोणी विचारत नाही.

पण मग ते सगळं मागं पडलं. आठवलं ते बोट. साळवे म्हणून उभी राहिले तेव्हा माझ्या अंगाला लागलेली साडी नको होती. पाटील म्हणून उभी राहिले, कुंकू लावून घेतलं, गोड बोलले, आपल्या लोकांकडं पाठ केली. तरी तेच. म्हणजे नाव बदलून काही वाचलं नव्हतं. फक्त मला नाही म्हणायच्या त्यांच्या कामात मी मदत केली होती.

मी गुडघे सरळ केले. शालू खांद्यावरून काढला. ओढून घ्यायला एक पोरगी पुढं आली होती, तिला हातानं थांबवलं. काठाला काठ लावून घडी घातली आणि गादीवर ठेवला. पट्टी काढून त्यावर ठेवली.

"शेठजी, हे नाव तुम्ही लावलं. पट्टी तुम्ही छापून आणली. मी नको म्हणायला पाहिजे होतं, ते आज म्हणते. मी पाया पडणार नाही."

आवाज बारीकच होता. पण शोरूममध्ये दुसरा आवाज नव्हता.

तात्या म्हणाले, "लई बोलायला शिकली."

मी म्हणाले, "तात्या, मी किसनाची मुलगी. साळव्यांची सून. विहीर माझ्या बापानं खणली, ती तुमची कशी झाली ते तुम्हीच सांगा या पाहुण्यांना."

उत्तर ऐकायला मी थांबले नाही. मागून शेठजींचा आवाज आला, "हिला परत कोण कामाला ठेवतंय बघतोच मी." ते त्यांनी खरं केलं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाकली असतीस तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," मी म्हणाले. "पोरगी बघून बघून तेच शिकली असती."

नवऱ्याची कंपनी त्या उन्हाळ्यात कायमची बंद झाली.

औरंगपुरा, पैठण गेट, उस्मानपुरा. मी दुकानं पालथी घातली. काही ठिकाणी माझ्या आधीच माझी गोष्ट पोचलेली असायची. "भांडण करणारी बाई नको." काही ठिकाणी नाव विचारून पेन खाली ठेवलेलं बघितलं. आता ते मला लांबून ओळखू येतं. अजून पाऊस नाही. आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येतो, कधी येतच नाही. पुढचा महिना कसा जाईल, मला माहीत नाही.

काल बीड बायपासला गेले. तिथं नवीन दुकान उघडतंय, भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. मालक तरुण, शिकलेला. माझं काम बघून खूश झाला. मग म्हणाला, "एक सांगू का ताई? आडनाव सांगत जाऊ नका. नुसतं ताई म्हणा. मला फरक पडत नाही, पण लोक कसे असतात."

मी म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगणार."

तो म्हणाला, "बघतो मग. फोन करतो."

त्याचा फोन येणार नाही. उद्या मी पुढच्या दुकानात जाईन. दारातच पूर्ण नाव सांगीन, काम दाखवायच्या आधी. ज्याला नाही म्हणायचं त्यानं माझ्या तोंडावर नाही म्हणावं, त्याच्या तोंडानं. माझ्या तोंडानं मी मला नाही म्हणणार नाही.