मेल्यांचे डोळे उघडणारा लिंबाजी

आमच्याकडं जिवंत माणसाचा फोटो काढायची घाई कुणालाच नसे. म्हातारीनं मान टाकली की मग घरातल्यांना आठवायचं, अरे, भिंतीवर लावायला काहीच नाही की! मग लातूरला गंजगोलाईजवळ संगप्पाच्या स्टुडिओत माणूस पिटाळायचा. संगप्पा कॅमेरा घेऊन सायकलवर निघे, मागं कॅरिअरवर लिंबाजी. मयताला खांबाशी टेकवून बसवायचं, पदर नीट करायचा, संगप्पानं खटका दाबायचा. फोटो धुऊन आला की बाकीचं लिंबाजीकडं. मिटल्या पापण्यांवर तो बारीक ब्रशानं उघडे डोळे रंगवी. असे रंगवी की घरची माणसं फोटोला हात जोडून बोलायला लागत.

मी त्याला म्हणायचो, ‘लिंबाजी, यम मिटून जातो आणि तू मागनं उघडत बसतोस. एक दिवस तो तुझ्यावर दावा लावणार बघ.’ तो गालात हसायचा. तेवढंच. फार बोलणारा गडी नव्हता. ती उणीव मी भरून काढायचो.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची बायको गुणाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. गोरीगोमटी वगैरे काही नव्हती, पण डोळे असे की तिच्या टोपलीत मुकादमसुद्धा दोन दगड कमीच टाकी. हे मी उगाच सांगत नाही, मुकादमाच्याच तोंडून ऐकलंय. नवरा फोटोच्या दुकानात, म्हणून ती मागं लागलेली, माझा एक फोटो काढा. हा म्हणे, काढू की, सणाला काढू. रोल गिऱ्हाइकाचा, घरचं माणूस कुठं पळून जातंय!

त्या उन्हाळ्यात कामावर हगवणीची साथ आली. लिंबाजी तेव्हा औशाकडच्या एका खेड्यात होता. तिथले मोठे शेतकरी व्यंकटराव, त्यांची आई वारली होती. मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी परतला तर गुणाबाईला माती देऊन सगळे घरी आलेले. आठवडाभरानं त्यानं व्यंकटरावांच्या आईचे डोळे रंगवायला घेतले. त्यानंतर दहा वर्षं तो डोळे रंगवत राहिला.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. आता कचेरीच्या कामाला उस्मानाबाद गाठायला नको, म्हणून गाव हरखलं. शाळेच्या हॉलमध्ये ‘जुनं लातूर’ असं प्रदर्शन भरवलं. घरोघरच्या भिंतींवरचे फोटो मागवून आणले, त्यात संगप्पाच्या स्टुडिओतल्या अकरा म्हाताऱ्या ओळीनं टांगल्या. आपापल्या घरी होत्या तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओळीत टांगल्यावर मी लिंबाजीला डिवचलं, ‘काय रे, सगळ्या एकाच आईच्या लेकी का?’

तेवढ्यात गुणाबाईची थोरली बहीण पंचफुला हॉलमध्ये आली. व्यंकटरावांच्या आईसमोर थबकली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “ही तर आपली गुणी बघायलीय.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या लातूरला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत पानाच्या दोन टपऱ्यांवर आणि एका हॉटेलात मी ही गंमत रंगवून सांगितली. गंमतच वाटली होती मला. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातली, खडी फोडणारी बाई, आणि तिच्या डोळ्यांना बड्या घरचे लोक रोज हळदकुंकू वाहतात! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओळीतल्या दहा जागा रिकाम्या झाल्या. फोटो दुकानात परत आले. आधी व्यंकटरावच आले.

“लिंबा, हे डोळे काढ. आमच्या आईचे काढून दे.”

“देतो मालक. कसे होते, सांगा.”

व्यंकटरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी बाकड्यावर बसून बघत होतो. दहा वर्षं रोज सकाळी ते याच डोळ्यांपुढं उदबत्ती लावत आले होते. आईचे डोळे म्हणून दुसरं काही त्यांच्या मनात उरलंच नव्हतं. त्यांनी फोटो लिंबाजीपुढं सरकवला. मग म्हणाले, “मिटलेलेच राहू दे.”

लिंबाजीनं ब्लेड घेतलं. रंग खरवडला, खालून मिटल्या पापण्या वर आल्या. चार दिवसांत दहा फोटो झाले. प्रत्येकाच्या खाली कागदावर रंगाचा भुगा पडे, तो फुंकून न टाकता तो एका डबीत भरून ठेवी.

अकरावी नागुबाई. तिची माणसं दुष्काळातच हैदराबादकडं गेलेली, शेजाऱ्याकडं राहिलेला फोटो न्यायला कुणी आलं नाही. लिंबाजीनं तो घरी नेला. पुढं दिवाळीच्या सुमारास मी त्याच्याकडं गेलो, माफी मागायला म्हणा हवं तर. फोटो भिंतीवर होता. त्यानं काळा कागद कापून काचेखाली घातलेला. नागुबाईचं कपाळ, नाक, हनुवटी सगळं झाकलेलं. मधल्या चिरेतून नुसते दोन डोळे बघत होते.

मी विचारलं, बाकीची गुणाबाई का नाही काढत? हात तर तुझाच आहे.

“लई डाव बसलो अण्णा,” तो म्हणाला. “डोळे येतेत. नाक काढाया गेलं की दुसऱ्याच कुणाच्या आईचं येतंय.”