टोपलीत जाणारा हात

संध्याकाळी आहेरबाई हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि आमची अख्खी शाखा खुर्चीत ताठ बसायची. बाई टेबलाटेबलाशी थांबत आणि ज्याच्या त्याच्या कचऱ्याच्या टोपलीत उघडा हात खुपसत. टोपलीकडे न बघता. आपल्या तोंडाकडे टक लावून.

नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात त्या आमच्या अव्वल कारकून. कागद लगद्यासाठी कारखान्यात जायचा, म्हणून चहाचे कप, टाचण्या, उष्टं वेगळं टाकावं, असा आदेश निघाला होता. आम्ही आदेशावर सह्या केल्या आणि सगळं एकाच टोपलीत टाकत राहिलो. मागच्या व्हरांड्यात ते निवडायची एकलहऱ्याची सुमन. एकदा फुटक्या काचेनं तिचा तळवा चिरला. फडकं बांधून ती डाव्या हातानं निवडत बसलेली बाईंनी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून बाईंची फेरी सुरू झाली.

"सुमनच्या आधी माझा हात जाईल. टाका काय टाकायचं ते!"

मी तेव्हा काही पोर नव्हते. मुलीचं लग्न ठरलेलं, डोक्यात पांढरे केस. पण भित्री अशी, की शेजारच्या कार्यालयात बेल वाजली तरी उभी राहायचे. फेरीआधी स्वतःची टोपली तांदळासारखी निवडायचे. बाई म्हणत, "कुलकर्णीबाई, तुमच्या टोपलीत बाळ निजवावं!" मला ते कौतुक वाटायचं. काय ते ध्यान!

एकदा मी साहेबांच्या केबिनमध्ये सहीसाठी उभी होते. त्यांच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा ग्लास फुटला. साहेबांनी तुकडे टोपलीत लोटले, वर दोन कागद चुरगाळून टाकले आणि शांतपणे सही केली. एवढ्यात दारात बांगड्या वाजल्या.

"साहेब, टोपली."

साहेबांनी फायलीतून डोकं वर काढलं. चेहरा कोरा. बाई वाकल्या. बोलावं तर साहेबांचा राग, म्हणजे लांब डोंगरात सुरगाण्याला बदली, तीही लग्नाच्या तोंडावर. गप्प बसावं तर बाईंचा हात. मग मला जमण्यासारखं एकच होतं, ते केलं. "अगं आई गं!" म्हणत मी चक्कर येऊन पडले आणि पडता पडता टोपलीला लाथ घातली.

काचा खळकन फरशीवर पसरल्या.

"साहेब, सुमनला बोलावू, का तुम्हीच भरता?" बाईंनी विचारलं.

साहेब खाली बसले. एकेक तुकडा उचलून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला. मी पडल्या पडल्या सगळं बघत होते. "डोळे उघडे ठेवून चक्कर येते होय?" बाई पुटपुटल्या, "उठा."

बदलीच्या भीतीनं पुढे कित्येक दिवस मला अन्न गोड लागेना. बदली झाली नाही.

गेल्या वर्षी बाई फार आजारी असताना भेटायला गेले. त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्हाला कधीच भीती नाही वाटली?"

"रोज वाटायची गं. म्हणून तर तुमच्या तोंडाकडे बघायचे. टोपलीत काय आहे ते तोंडावर आधी दिसतं."

"आणि साहेबांच्या?"

"त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. तुझ्या होतं. हात तेव्हाच थांबला होता." बाई कशाबशा हसल्या. "तू उगाच पडलीस."

त्यानंतर आठवड्यातच त्या गेल्या.