सईवर डालगं कुणी घातलं?

मंडळी, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय. खोटं कशाला बोलू? कॉलेजात असताना गावोगावी जाऊन भोंदूबाबांचे हातचलाखीचे प्रयोग उघडे पाडणाऱ्या पोरांतला मी एक. हातावर कापूर पेटवणे, नारळातून केस काढणे... सगळं येतं मला. घरी आईनं लिंबू-मिरची टांगली की मी ती काढून मिरची आमटीत टाकायचो. तेव्हा "सरांना भास झाला असेल" असं कमेंटमध्ये लिहायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा, की तुमच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. आणि जरा तिखटच लिहिलं असतं.

मी मूळचा उंब्रजचा. बरीच वर्षं भरतीची वाट बघून शेवटी शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळाली, ती थेट सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात. वस्तीचं नाव देत नाही. धनगरांची वस्ती आहे, कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की पोरं भांडताना कन्नडमध्ये भांडतात आणि मास्तरांना कळू नये असं काही बोलायचं असलं तरीही. दोन खोल्यांची शाळा, पुढे व्हरांडा, मागे कोरडा ओढा, ओढ्यापलीकडे पडीक रान. शाळेच्या कडेला एक टेकाड. मोबाईलला रेंज फक्त त्या टेकाडावर. खाली शाळेत फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

बायको मेघा मिरजेत एका दवाखान्यात नर्स. मी जतमध्ये खोली घेतलेली, माझी आई आणि दोन वर्षांची लेक सई माझ्याकडे. मेघा सुट्टीला यायची. आमचा संसार म्हणजे एस.टी.च्या वेळापत्रकावर चाललेला. पण नोकरी लागली होती ना गड्या, मग बाकी सगळं गोड.

ती गोष्ट फेब्रुवारीतल्या एका शनिवारची. आई उंब्रजला मामाच्या दिवसकार्याला गेलेली, मेघाला ड्युटी. मग काय, सईला मोटरसायकलवर पुढं बसवली आणि शाळेत नेली. शनिवारची सकाळची शाळा. पोरांनी तिला डोक्यावरच घेतलं. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले, त्यामुळे मी एकटाच. खेळून खेळून ती पेंगली, तशी मी व्हरांड्याच्या आढ्याला आईच्या लुगड्याची झोळी बांधली आणि तिला त्यात निजवली. शाळा सुटली, पोरं घरी गेली, ही गाढ झोपेत.

आणि तेवढ्यात आठवलं... दुपारी ऑनलाइन मीटिंग. नव्या शिक्षकांना सक्तीची.

आता सांगा, काय करणार? झोपलेलं पोर उठवून उन्हात टेकाडावर न्यायचं? टेकाडावरून व्हरांडा समोर दिसतो, झोळी स्पष्ट दिसते. हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, हजेरी पुकारली की "उपस्थित" म्हणायचं आणि खाली यायचं. आमच्यातला कुठलाही मास्तर हेच करतो. पोषण आहाराचे फोटो पाठवायचे तरी टेकाड, साहेबांचा फोन घ्यायचा तरी टेकाड. चढून चढून पायवाट पडलीय तिथं.

मीटिंग लांबली. नाव पुकारलंच जाईना. मी मधून मधून बघत होतो, झोळी जागेवर होती, वाऱ्यानं जराशी हलत होती. हे मी शपथेवर सांगतो. मी बघत होतो.

खाली आलो. झोळीत हात घातला. झोळी रिकामी.

पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, उतरली वाटतं बया. दोन्ही खोल्या बघितल्या. बाकांखाली, तांदळाच्या पिंपामागं, संडासात. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडताना ते पायावर पडलं, आणि पडलंय हे मला संध्याकाळी बूट काढताना कळलं. टाकीत नव्हती. "सई... ए सयाबाई..." ओरडून घसा बसला.

वस्तीकडे पळालो. वस्ती मोकळी. पुरुष मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उसाच्या रानात गेलेले, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परत येतात. बायका टेंपोत बसून द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर मजुरीला. पोरं शाळा सुटली की बकऱ्यांमागं माळाला. वस्तीच्या तोंडाशी फक्त बिरू तात्या, गुडघे गेलेले म्हातारे, बाजेवर.

"तात्या, माझी पोरगी बघितली? सई... लहान..."

"न्हाई वो गुर्जी. सकाळधरनं हितंच हाय मी. हिकडं कोन आलं न्हाई, गेलं न्हाई." मग माझं तोंड बघून ते बाजेवरून उठायला लागले. "आवं, पळा वड्याकडं! परवाच लांडग्यानं कोकरू नेलंय!"

मंडळी, हे वाक्य ऐकलं आणि मी शाळेकडं उलटा पळत सुटलो. ओढ्याकडं पळू की टेकाडावर जाऊन कुणालातरी फोन करू? एकटा माणूस किती रान बघणार? देवाला न मानणारा मी, त्या क्षणी काय काय बोललो ते लिहीत नाही. आईनं ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

टेकाडावर चढलो. फोन लावला मुख्याध्यापकांना, ते "थांबा, माणसं पाठवतो" म्हणाले. फोन कानाला असतानाच ओढ्यापलीकडं नजर गेली. पडीक रानात काहीतरी गोल, तपकिरी. वाटलं धोंडा असेल. आणि त्याच्याभोवती एक कुत्रं फिरत होतं. फिरायचं, थांबायचं, माती उकरायचं, परत फिरायचं.

ते कुत्रं नव्हतं.

कसा उतरलो, ओढा कसा ओलांडला, आठवत नाही. नुसता बोंबलत पळत होतो. लांडगा थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि काही घाई नसल्यागत चालत चालत बाभळींमागं गेला.

तो गोल धोंडा म्हणजे डालगं होतं. तुरकाठ्यांचं, कोंबड्या नाहीतर कोकरं झाकायला उपडं घालतात ते. वर एक दगड, मला दोन्ही हातांनी उचलावा लागला एवढा. डालग्याच्या भोवतीनं सगळी माती नखांनी ओरबाडलेली. डालगं उचललं. आत सई. झोपलेली. एका जुन्या घोंगड्याच्या तुकड्यावर, कुशीवर, अंगठा तोंडात.

मी तिला उचलली तशी ती जागी झाली आणि "बाबा, भू भू" म्हणाली. मी तिला छातीशी धरली आणि लहान पोरागत रडलो. लाज कसली त्यात?

आता तुमचे प्रश्न. मीच ते आधी विचारलेत.

पोर चालत गेली असेल? शाळेच्या बाजूचा ओढ्याचा काठ माझ्या छातीएवढा उभा आहे. आणि तिचे तळवे स्वच्छ होते. चप्पल तर शाळेच्या पायरीवर. कुणी उचलून नेली? मग मला झोळीजवळ माणूस कसा दिसला नाही? बरं नेली, तर पळवली का नाही, उलट लांडग्यापासून झाकून का ठेवली? आणि झाकणारं माणूस गेलं कुठं? त्या रानात लपायला बाभळीशिवाय काही नाही, आणि बाभळीमागं तर लांडगा होता.

मला आधी राग आला. कुणीतरी चेष्टा केली म्हणून मी तात्यांच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेलो. डालगं त्यांच्यापुढं आपटलं. तात्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "गुर्जी, आता कुठली डालगी? आमच्याकडं समद्यांच्या लोखंडी जाळ्या हायती."

"मग हे आलं कुठून?"

"आमची आय आमाला रानात डालग्याखालीच घालायची," ते हळू आवाजात म्हणाले. "मेंढरांमागं जायचं म्हंजी पोराला कुठं ठिवायचं? डालगं उपडं घालायचं, वर धोंडा. लांडग्याला धोंडा न्हाई हालवाय येत. पर ती बायामाणसं आता ऱ्हायली न्हाईत, आन् ती रीतबी न्हाई."

संध्याकाळी टेंपोतून बायका उतरल्या. त्यांना सगळं कळलं. जी ती सईच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होती. सगळ्या दिवसभर शेडवर होत्या. तेव्हापासून ज्यानं त्यानं मला त्या रानात मेलेल्या बाईची एकेक गोष्ट ऐकवली, कुणाची बाळंतीण, कुणाची सून. एकीचा मेळ दुसरीला नाही, म्हणून मी त्या इथं लिहीत नाही.

रात्री मेघाला सगळं सांगितलं. माझा फोन गेल्यावर ती ड्युटीवरून तशीच आली होती. ती ओरडली नाही, तेच जास्त वाईट. सईला मांडीवर घेऊन नखशिखान्त तपासलं आणि म्हणाली, "राजीनामा द्या."

"अगं, एवढ्या वर्षांनी..."

"राजीनामा द्या म्हटलं ना."

त्यात सईची झोप उडाली. डोळा लागला की दचकून उठायची, किंचाळायची, अंगावर काही घेऊ द्यायची नाही. डॉक्टर झाले, औषध झालं. आई उंब्रजहून आली ती उतारा टाकायची तयारी करूनच. मेघानं तिला थांबवलं. माझी बायको या बाबतीत माझ्याहून कडक. पण त्याच रात्री सईला थोपटता थोपटता ती म्हणाली, "बाईच असणार हो ती. पुरुष असता तर पोर वाचवली म्हणून गावभर सांगत सुटला असता."

"बरं, मग?"

"मग तिचे आभार कुणी मानायचे? भीत असेल बिचारी, पोरं पळवणारी म्हणतील म्हणून. मी सगळ्यांची ओटी भरते. तिच्यापर्यंत पोचेल. मग राजीनाम्याचं बघू."

शेडला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही गेलो. पिशवीत नारळ, खण, तांदूळ. मी तात्यांशी बोलत बसलो, सई मेघाच्या कडेवर. ती घरोघर गेली. लांबून ऐकू येत होतं, प्रत्येक दारात तेच. "आवं बाई, आमी न्हवं वो." "आमी तर शेडवर हुतो." दोन म्हाताऱ्या विधवा मागं सरकल्या, "आमाला कुठं वो ओटी? आमाला चालत न्हाई." मेघानं त्यांना हाताला धरून पुढं आणलं. म्हणाली, "पोर वाचवणारीचं कुंकू बघत नाही मी." वस्तीत कुजबुज झाली, पण पदर पसरले सगळ्यांनी.

परत निघालो. ऊन रणरणत होतं. सई आमच्या दोघांच्या मध्ये, आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपली होती. किती दिवसांनी ती अशी झोपली होती.

मेघा मागून म्हणाली, "सापडली का हो ती, तुम्हाला काय वाटतं?"

"सगळ्याच तर नाही म्हणाल्या."

"एकजण 'नाही' म्हणाली नाही."

"कोण?"

"शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती ती. म्हातारी. एवढ्या उन्हात घोंगडं घेऊन. कपाळ मोकळं. सई माझ्या कडेवरून उतरली आणि थेट तिच्या मांडीवर जाऊन बसली. मी ओटी भरली तर घेतली मुकाट्यानं. मग तिनंच विचारलं, 'रातीचं दचकती का गं?' मी म्हटलं, होय हो. तर सईच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, 'आता न्हाई दचकायची.'"

मी गाडी थांबवली.

त्या भिंतीकडं तोंड करून मी बसलो होतो, मंडळी. तात्यांच्या बाजेवरून शाळेची तीच बाजू दिसते. मेघा तिथं वाकलेली मी बघितली होती. मला वाटलं होतं, ती सईच्या चपलेचा पट्टा लावतेय. तिच्यापुढं सईशिवाय कुणी नव्हतं.

मी गाडी वळवली. भिंतीपाशी कुणी नव्हतं. नारळ नव्हता, खण नव्हता, तांदळाचा दाणा नव्हता. तात्यांना विचारलं. घोंगडं घेणारी म्हातारी वस्तीत नाही. मग मी मेघाला सगळं सांगितलं, मी काय बघितलं आणि काय नाही बघितलं ते. वाटलं, आता ही हातपाय गाळणार, नाहीतर उद्याच राजीनामा टाइप करायला बसवणार.

तिनं सईला नीट कुशीत घेतलं. "नारळ गेला ना?"

"गेला."

"मग पोचली ओटी. चला घरी, ऊन लागेल तिला."

राजीनाम्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. सई त्या रात्रीपासून गाढ झोपते. डालगं मी जाळू दिलं नाही, शाळेच्या सामानाच्या खोलीत आहे, कुणाला तपासायचं असेल तर या. मी अजून तिथंच शिकवतो. पोरांना विज्ञान शिकवताना "कारणाशिवाय काही घडत नाही" हे वाक्य येतं, तेही मी शिकवतो. फक्त ते कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि मेघाला ते शोधायचंच नाही.